मंगळवारचा डबा

धनज, जि. अकोला
११ फेब्रुवारी १९७९

चि. अंजनाले देवमन मामाचा जयभीम.

तुहं कार्ड भेटलं. चार ओळी, त्यातल्या दोन हवापाण्याच्या! मुंबईत शाई रेशनवर भेटते काय वं? तुही मामी भागिरथा म्हणते, पोट्टी आता मोठी साहेबीण झाली, तिले टाइम कोठून राहीन. म्या म्हटलं थांब, आता असं पत्र लिहितो का तिले जवाब देनंच पडते.

त आयक. औंदा जयंतीले विहारासमोर मोठा मंडप टाकून राह्यलो. दोन सत्कार हायेत. एक आमा बुढ्यायचा. नागपूरले दीक्षा घेऊन आलो अन् गावाची मेलेली ढोरं ओढनं बंद केलं, त्यातले आता आमी तिघंच उरलो. ढोरं ओढायचा दोर म्या सोताच्या हातानं चावडीसमोर जाळला होता, तुले मालूमच हाय. मंग गावानं मजुरी बंद केली, दुकान बंद केलं, चक्की बंद केली. तुही माय तुले काखेत घेऊन दळण घेऊन कामरगावले पायी जाय.

दुसरा सत्कार तुहा. तुह्या बापाले पऱ्हाटीत परड चावली, हिरड्यातून रक्त वाहून गेला तो माणूस, अन् त्याची पोर आज मुंबईच्या प्रयोगशाळेत त्याच सापाच्या जहरावर काम करते! हे सांगताना माही छाती अशी फुगते का मामी म्हणते बंडीचं बटन तुटन. स्टेजवर तू माह्या बाजूच्या खुर्चीवर बसशीन. ज्यानं दोर जाळला तो, अन् त्याची भाची जिनं दुर्बीण धरली. शाळेतल्या पंजाबराव मास्तरनं हेच वाक्य भाषणात घेतलं, माह्याजवळून चोरून.

आता तू नेमकं काय करते हे मले समजंल असं लिहून धाडजो. मी आतापावतो सांगून राह्यलो का भाची रक्ताची डाक्टर हाय. मास्तर म्हणते, असं काही नसते. त्याचं तोंड बंद व्हाले पाह्यजे.

तुहा मामा
देवमन खंडारे


मुंबई
२६ फेब्रुवारी १९७९

ती. मामा,
जयभीम.

मी डॉक्टर नाही. लोकांना तसं सांगू नका, उद्या कोणी नाडी बघायला माझ्यापुढे हात धरेल.

काम असं आहे. आपलं रक्त नळ्यांतून वाहतं. त्या नळ्यांना आतून पेशींचा एक थर असतो, फरशी बसवावी तशा एकीला एक लागून. रक्तातलं काय बाहेर मांसात जाऊ द्यायचं आणि काय नाही, ते हा थर ठरवतो. परडीच्या विषानं त्या फरशीचे सांधे सुटतात. मग रक्त मिळेल त्या वाटेनं बाहेर येतं. बाबांचं तसंच झालं.

जिवंत माणसाच्या आत हे बघता येत नाही, म्हणून आम्ही तो थर काचेच्या भांड्यात वाढवतो. एक छोटी वाटी असते, तिला तळ म्हणून कागदाहून पातळ चाळणी. चाळणीवर पेशी लावायच्या, त्यांना ऊब द्यायची, खायला द्यायचं. थर भरला की वाटीत निळा रंग ओतायचा. वाटीच्या खाली स्वच्छ पाण्याचं भांडं असतं. ते पाणी स्वच्छच राहिलं तर थर धड आहे. निळं झालं तर थर गळतोय. मग धड थरावर विष घालून पाहायचं, किती गळतो, आणि कोणत्या औषधानं गळणं थांबतं.

एवढंच. यात सत्कार करण्यासारखं काही नाही. एप्रिलमध्ये रजा मिळणं कठीण आहे. पेशींना सुट्टी नसते. तुमचा सत्कार मात्र जोरात करून घ्या, आणि मामीला नवी बंडी शिवायला सांगा.

तुमची
अंजना


धनज
१५ मार्च १९७९

चि. अंजनाले जयभीम.

'रजा मिळणं कठीण आहे.' वा वा! माह्या बहिणीची पोरगी आता 'मिळणं' म्हणते. आमच्याकडं अजून भेटतेच.

पत्र मास्तरले वाचून दाखवलं. तो गप झाला, तेवढं झकास काम झालं. पन मले तीन गोष्टी इचारायच्या हायेत. एक, वरचं निळं खाली उतरत नाही, त्याले तुमी तब्येत चांगली म्हणता? असा थर त आपल्या गावात बी हाय, चांगला धडधाकट, बापजाद्यापासून. हासजो, मजाक केली.

दुसरी. बी कोठून आणता? आमी ज्वारी पेरतो त बी लागते. तुमी थर पेरता, त पयली पेशी येते कोठून? तू सगळं लिहिलं, हे नाही लिहिलं.

अन् तिसरी, तेच खरं. आपला माणिकराव तिकडं गिरणीत हाय, तो होळीले आला होता. म्हणे, 'अंजना बसमध्ये दिसली, हातात दोन कड्यांचा पत्र्याचा डबा. म्या आवाज दिला त तिनं तोंड फिरवलं, अन् पुढच्याच स्टापवर उतरून गेली.' म्या त्याच्यावर चिडलो. म्हटलं, भैताडा, तू दुसरीच कोणी पाह्यली असन. पन त्यावर तुहं हे रजेचं आलं अन् मनात पाल चुकचुकली.

आमची लाज वाटते काय वं तुले? तिकडं कोणाले सांगतलंच नाही काय, का तू कोणाची? तसं असन त सरळ लिही. मंडपातली एक खुर्ची कमी करतो. रडनार नाही मी.

देवमन


मुंबई
२४ मार्च १९७९

मामा,

तुमची लाज नाही. लाज माझी आहे.

बी कत्तलखान्यातून येतं. म्हशीचं रेडकू कापलं की त्याच्या हृदयातून निघणारी मोठी नळी गरम असतानाच काढून, बर्फात ठेवून आणावी लागते. तिच्या आतल्या अंगाला त्या पेशी असतात. पेशींना खायला देतो तेही रेडकाचंच रक्त, गाळून. दर मंगळवारी सकाळी मी जाते. खाटीक रेडकू पाडतो, मी उकिडवी बसून त्याच्या छातीत कोपरापर्यंत हात घालते. नळी कापून घेते. माणिकदादांनी पाहिला तो डबा त्याचा. त्यांनी हाक मारली तेव्हा झाकणातून लाल पाणी ठिबकत होतं आणि शेजारची बाई नाक दाबून सरकली होती. मी तोंड फिरवलं. त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तुम्ही दोर जाळलात. त्यापायी आई मला काखेत घेऊन दुसऱ्या गावच्या चक्कीला गेली. आणि मी एम. एस्सी. होऊन पुन्हा मेल्या ढोराच्या पोटात हात घालते. स्टेजवर तुमच्या शेजारी बसून काय सांगू? एखाद्या पोरीनं तुमच्यासारखंच विचारलं, ताई, बी कुठून आणता, तर?

मला तिथे बोलावू नका.

अंजना


(पोस्टकार्ड)
मुंबई, २० एप्रिल

मामा, जयंती झाली. तुमचं पत्र नाही. शिव्या द्या, पण लिहा. मामीला बरं आहे ना?
अंजना


धनज
६ मे १९७९

अंजना,

राग नव्हता. हात चालत नव्हता. तुहं पत्र वाचलं अन् घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं, मामीले बी नाही दाखवलं. जे म्या जाळलं ते पोरीच्या हातात कसं आलं, हेच डोक्यात.

तशात जयंती आली. पोट्ट्यायनं माह्या बाजूची खुर्ची मोकळी ठेवली होती, हार बी आणून ठेवला होता. मास्तरनं माईकमधून इचारलं, देवमनभाऊ, अंजनाताई काहून नाही आल्या? अन् मी भर मंडपात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहून म्हटलं, का पोरगी तापानं फणफणली हाय. सगळे हळहळले. म्हातारी रंगूबाई तर डोळ्याले पदर लावून बसली. मंग सगळ्यायनं पंचशील घेतलं. चौथं शील आलं, खोटं न बोलायचं, अन् माह्या तोंडातून शबुदच निघाला नाही. नुसते ओठ हालवले. मले इतलं मेल्यासारखं चावडीसमोर बी झालं नव्हतं.

आता डोकं थोडं ठिकाण्यावर आलं. तुहं काम वाईट नाही. तुहा बाप ज्यानं गेला त्याचा इलाज पाहून राह्यली, त्याच्यापायी हात भरले त भरले. डाक्टर बी मुडदा फाडते, त्याले कोणी काही म्हणत नाही.

पन एक सांग. आमच्यावर ढोरं ओढायची सक्ती होती, तरी त्यात पाळी होती. या बारीले आमचं घर, पुढच्या बारीले नानाजीचं घर. एकट्यावर कोणाच्याच पडत नव्हतं. तुह्या प्रयोगशाळेत मंगळवारची पाळी कोणाकोणाची असते?

देवमन


मुंबई
१६ मे १९७९

मामा,

पत्र वाचलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसले, खोलीतल्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून.

पाळी नाही. दर मंगळवारी मीच.

आम्ही पाच जण आहोत, सगळे सारखेच शिकलेले. पहिल्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, कत्तलखान्यात कोण जाईल? कोणी मान वर करेना. मग वसुधा बोलली. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. स्वभावानं चांगली आहे, मला कावीळ झाली तेव्हा घरून मऊ भात आणायची. ती हसून म्हणाली, 'अंजनाला पाठवा ना. धीट आहे ती, आणि तिला सवय असेल.'

मला कसली सवय, मामा? मी जन्मात मेल्या ढोराला शिवले नव्हते. तुम्हीच शिवू दिलं नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हणाले, 'हो, मी जाते.' लगेच म्हणाले. जणू माझ्या घरच्याच कामाची कोणीतरी आठवण करून दिली.

डबा दारात आला की सगळे नाकाला रुमाल लावतात. पेशी सुटून, धुऊन, वाटीत लागल्या की मग सगळे पुढे येतात. निळा रंग ओतायला तर भांडणं होतात. हे मला दिसत होतं. आणि मी स्वतःची समजूत घालत होते, की माझा हात हलका आहे म्हणून मला पाठवतात.

तुम्हाला मार्चमध्ये लिहिलं ते अर्धंच होतं. रेडकाच्या छातीत हात घालायची मला एवढी लाज नाही वाटत. त्या 'हो'ची वाटते.

अंजना


धनज
२५ मे १९७९

अंजना,

त आता इचार. भांडू नको, रडू नको, मेहरबानी मागू नको. सगळे बैठकीले बसले का उभी राह्यजो अन् मोठ्यानं इचारजो, मंगळवारची पाळी कोणाकोणाची? त्याच्यावर एक शबुद जास्त बोलू नको. मंग कोण कोठं पाह्यते ते पाह्यजो.

आमी चावडीवर बी इतलंच केलं होतं. पाय लटलट कापत होते, हे मास्तरच्या भाषणात नाही.

मामीले सगळं सांगतलं. तुह्या कत्तलखान्याचं तिले काहीच नाही वाटलं. माह्या तापाच्या गोष्टीवरून मात्र अशी बोलली का घरात बसनं मुश्किल झालं. मी वावरात जाऊन बसून राह्यलो.

देवमन


मुंबई
८ जुलै १९७९

मामा,

विचारलं. तुम्ही सांगितलं तसंच, एक शब्द जास्त नाही.

मोठे डॉक्टर चष्मा पुसत राहिले. वसुधा लाल झाली. म्हणाली, 'अगं, तुला नको होतं तर आधी बोलायचंस की.' बाकीचे दोघं टेबलाकडे आणि एक जण खिडकीबाहेर. शेवटी डॉक्टर म्हणाले, 'बरोबर आहे, अंजना. तुमच्यावर फार भार पडतोय. मी काहीतरी सोय करतो.' मला वाटलं, जिंकले! त्याच दिवशी तुम्हाला लिहिणार होते. बरं झालं नाही लिहिलं.

सोय म्हणजे पाळी नव्हे. सोय म्हणजे रोजंदारीवर एक माणूस. उकंडराव नाव, रिसोडकडचा, आपल्यातलाच, तुमच्याच वयाचा. पहिल्या मंगळवारी तो डबा घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत येऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं. तरी बाहेरच. म्हणाला, 'बाई, डबा आणला.' मी पांढरा कोट घालून दारात गेले आणि त्याच्या हातातून डबा घेतला. त्यानं विचारलं, 'बाई, गाव कोणतं तुमचं?'

मी म्हणाले, 'पुणं.'

मामा, पुणं! मी पुणं धड पाहिलेलंसुद्धा नाही. वसुधा माझ्या मागेच उभी होती, त्यामुळे असेल, कशामुळे असेल, जीभ आपोआप वळली. तो 'बरं बाई' म्हणाला आणि गेला.

त्याच डब्यातल्या पेशींचा थर पुढच्या आठवड्यात भरला. इतका धड थर आमच्याकडे अजून आला नव्हता. वरची वाटी निळीगर्द आणि खालच्या पाण्यात ठिपकासुद्धा नाही. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, डॉक्टरांनी पेढे आणवले. तुमची ती मजाक आठवली आणि मला ते स्वच्छ पाणी बघवेना.

वसुधानं माझ्याशी खोटेपणा तरी केला नव्हता. मी त्याच्याशी केला.

अंजना


धनज
२२ जुलै १९७९

अंजना,

तुहं पत्र वाचलं. असा राग आला का म्हटलं, चार शिव्या लिहूनच धाडतो. लिहायले बसलो अन् आठवलं का मंडपात तापाची गोष्ट कोणी सांगतली. एकाच कणसाचे दाणे हावो आपण, तुले काय बोलू?

म्हणून पयले माही बाजू साफ केली. सध्या वर्षावास चालू हाय, दर इतवारी विहारात ग्रंथवाचन असते. वाचन झालं का उभा राह्यलो अन् सांगतलं. अंजनाले ताप नव्हता, म्या खोटं बोललो. ती औषधासाठी कत्तलखान्यात जाय, रेडकाच्या छातीत हात घाले, अन् मले त्याची लाज वाटली.

मंग रंगूबाई बोलली, 'बापू, ढोरं आमीबी ओढली. चौघं असलो का ओढनं होते. एकट्यानं ओढावं लागलं असतं त मेलो असतो. तुमी पोरीले एकटीले काहून जाऊ देलं?' बाप्पा! मी चार महिने तुह्या हाताचा अन् पाळीचा इचार करून राह्यलो, अन् तुह्या संगं कोणी पाह्यजे हे त्या बुढीले एका बोलण्यात समजलं. मान खाली घालून घरी आलो.

आता तू तुही बाजू साफ कर. त्या माणसाले नाव सांग. गाव सांग. मामाचं नाव बी सांग, तो तुले भारी पडत नसन त. अन् मंगळवारी त्याच्या संगं जा. त्या बाकीच्या चौघायनं पाळी घेतली नाही त नाही. दोघं झाले का पाळी होते.

देवमन


मुंबई
१४ ऑगस्ट १९७९

मामा, जयभीम.

आज तुमच्यासारखंच लिहिते. दुसरं हाताले येऊनच नाही राह्यलं.

आज मंगळवार. सकाळी कत्तलखान्याच्या फाटकापाशी उभी राह्यली. उकंडरावदादा आले, मले पाहून थबकले. म्हणे, 'बाई, तुमी काहून आल्या? माहं काही चुकलं काय?' म्या म्हटलं, 'चुकलं माहं. मी पुण्याची नाही. मी धनजची. देवमन खंडाऱ्याची भाची, अंजना.' इतलं बोलली अन् रडू फुटलं, खाटकाच्या गाड्या चाललेल्या, भर फाटकात.

आत गेलो. म्या नळी कापली, त्यायनं बर्फ धरला. बसमध्ये डबा दोघायच्या मधात ठेवला. लोकं सरकून बसले, बसू द्या. मंग दादा म्हणे, 'मले मालूम होतं.'

'काय मालूम होतं?'

'का तुमी आपल्या. पयल्याच दिवशी. मागच्या बाईनं नाकाले रुमाल लावला होता. तुमी डबा घेतला, तुमी नाही लावला.'

म्या इचारलं, 'मंग तवाच काहून नाही म्हटलं?'

'तुमी पुणं म्हटलं ना. लेकरू खोटं बोलून राह्यलं त त्याले काही धाक असन. म्या कायले लाजवू?'

मामा, आजपावतो मले इतकी लाज कधीच वाटली नव्हती. कत्तलखान्याची नाही, डब्याची नाही, त्या 'हो'ची बी नाही. तो माणूस दीड-दोन महिने उंबऱ्याबाहेर उभा राहून माहं खोटं सांभाळत होता, अन् मी आत बसून पेढे खाल्ले. तुमाले जे चौथ्या शिलापाशी झालं, ते मले सीटवर झालं. मान वर होईना.

दसऱ्याले मी येते, धम्मचक्र दिनाले. मास्तरले सांगा, भाषण लिहू नोका, मी बोलीन. बी कोठून येते ते बी सांगीन. दादाले बी घेऊन येते, मामीले म्हणा दोघायचा सैपाक करजो. खुर्च्या नोका मांडू, सतरंजीवर बसू.

एक राह्यलंच. बसमधून उतरून प्रयोगशाळेत आलो, डब्याची एक कडी त्यायच्या हातात अन् एक माह्या. उंबऱ्याशी आले तसे दादा थांबले, म्हणे, 'घ्या बाई आता.' आत सगळे बसले होते, वसुधाच्या हातात रुमाल. दादा कडी सोडून राह्यले होते, म्या म्हटलं, 'दादा, सोडू नोका, सांडन.' अन् चालत राह्यली. डबा आत आला तसे तेबी आले.

तुमची
धनजची अंजना